निकानोर नेहमी उशिरा येतो

एबारिस्तो पाववाल्याने मोठा धीर करून दोन्या कूकाला, म्हणजे कूकाबाईला, लग्नाचं विचारलं, तेव्हा ती नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही, लाजलीसुद्धा नाही. दारात विकायच्या मक्याच्या गोड पेजेच्या, आतोलेच्या, हंड्यात डाव फिरवता फिरवता ती म्हणाली, "मला निकानोरला विचारावं लागेल."

निकानोर म्हणजे तिचा नवरा. घोडं एवढ्यावरच अडलं होतं की निकानोर सुताराला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि चर्चमागच्या टेकडीवर त्याची कबर होती. पण आमच्या गावात माणूस मेला म्हणजे विचारण्यातून उठला असं कोणी मानत नाही. नोव्हेंबर लागला की मेलेली माणसं घरी येतातच. त्यांच्यासाठी दारापासून झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालायची, आवडीचं खायला-प्यायला मांडायचं, कबरीशी बसून वर्षभराच्या बातम्या सांगायच्या. काही जण तेवढ्यावर परत जातात. काहींचा पाय निघत नाही, ते चुपारोसा होऊन राहतात. अंगठ्याएवढा पक्षी, फुलासमोर हवेतच उभा राहतो आणि बारीक चोचीने मध ओढतो, तो चुपारोसा. कोणाच्याही आजीला विचारा, ती हेच सांगेल.

कूकाच्या परसात मिर्तोचं मोठं झुडूप होतं, बाराही महिने लाल फुलांनी लगडलेलं. निकानोरनेच लावलेलं. तो गेला त्याच वर्षी पाऊस सरल्यावर एक चुपारोसा त्या झुडपावर येऊन राहिला, आणि तेव्हापासून दरवर्षी यायचा, ठरलेल्या काटकीवर बसायचा, उन्हाळा लागला की निघून जायचा. कूका त्याच्याशी बोलायची. आतोलेला आज गिऱ्हाईक किती, मक्याचे भाव काय, बहिणीचे गुडघे कसे आहेत, सगळं.

"एक मात्र आहे हं," ती म्हणायची. "मेल्यावर माणूस सुधारला. जिवंतपणी कधी वेळेवर आला नाही, आता सगळ्यांच्या आधी हजर! पण शीळ सोडली त्याने. गल्लीच्या तोंडापासून शीळ घालत यायचा, आठवतं ना? आता तोंडातून आवाज नाही. रागावलाय की काय कोण जाणे."

हे खरं होतं. निकानोरला पाळणा करायला सांगितला तर पोर चालायला लागल्यावर पाळणा यायचा. स्वतःच्या लग्नाला तो इतका उशिरा आला की पाद्रीबाबांनी मध्ये एक बाप्तिस्मा उरकून घेतला. पण तांबूस मिशांमधून अशी गोड शीळ घालत यायचा की रागवायला गेलेलं माणूस हसूनच परत फिरायचं.

एबारिस्तोचं तसं नव्हतं. तो वेळेचा पक्का आणि शिळेचा कच्चा. ऐन तारुण्याची वर्षं आईच्या आजारपणात गेली, लग्न राहून गेलं. पहाटे भट्टी पेटवायची, पाव काढायचे, दुपारी उभ्याउभ्याच दोन घास खायचे आणि झोपायचं. त्याची बेकरी आणि कूकाचं घर यांच्यामध्ये फक्त परसाची भिंत. रोज सकाळी तो ताज्या पावांची टोपली तिच्या दारात नेऊन ठेवायचा, कारण आतोले पिणाऱ्याला पाव लागतो. त्याबदल्यात ती त्याला बसायला स्टूल आणि प्यायला वाटीभर आतोले द्यायची. दिवसभरात तो बसायचा तेवढाच. त्या स्टुलावर बसलं की आपण एकटे आहोत हे त्याला विसरायला व्हायचं, आणि उठताना नेमकं आठवायचं. म्हणून एके दिवशी त्याने विचारून टाकलं.

"विचारा की निकानोरला," तो म्हणाला. "माझी हरकत नाही."

"तुमची हरकत आहे की नाही हे कोणी विचारलंय का?" दारात झेंडूच्या पाकळ्या काढत बसलेली तेंचा म्हणाली. तेंचा म्हणजे कूकाची थोरली बहीण, नवरा नाही, दात थोडे, जीभ भरपूर. "या वयात गुडघ्याला बाशिंग बांधलंय, पाववाले. आधी गुडघे तरी तपासून घ्या."

रविवारी चर्च सुटल्यावर त्याला निकानोरसमोर उभं करायचं ठरलं. एबारिस्तोने दाढी केली, आईने जपून ठेवलेला वडिलांचा कोट घातला आणि लालभडक टाय बांधला. मुलगी बघायला जाणाऱ्या पोराचे हात कसे घामेजतात, ते त्याला साठी उलटल्यावर कळलं.

कूकाने त्याला मिर्तोजवळ खुर्ची दिली. झुडपाच्या काटकीवर तो इवला जीव बसला होता, मान इकडे तिकडे फिरवत. "निकानोर," कूका हळूच म्हणाली, "हे एबारिस्तो. तू ओळखतोसच म्हणा. पाववाले. चांगले आहेत."

पक्ष्याने एकदा बघितलं. मग तो काटकीवरून असा सुटला की एबारिस्तोला फक्त 'भर्र' ऐकू आलं. आधी टायवर झडप, मग नाकासमोर, मग पुन्हा टायवर. एबारिस्तो उठला तर पक्षी त्याच्या डोक्याभोवती. तो मागे सरकला, खुर्ची पडली, आणि शेवटी कोट डोक्यावर घेऊन तो स्वयंपाकघरात पळाला.

तेंचा हसून हसून भिंतीला टेकली. "अगं बाई! निकानोरने जन्मात कोणाची गचांडी धरली नाही, ती मेल्यावर धरली!"

कूकाला मात्र हसू येईना. तिने एबारिस्तोला पाणी दिलं आणि त्याच्यासमोर बसली. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "मलाही नव्हतं वाटलं तो असं करेल. अजून मृतांचा सण यायचाय. त्या दिवशी कबरीवर शेवटचं विचारीन. पण तोवर हा असाच वागत राहिला, तर मला जमायचं नाही, एबारिस्तो. त्याला दुखवून मी सुखात नाही राहू शकणार."

एबारिस्तो घरी आला, टाय सोडला आणि रिकाम्या परातीकडे बघत बसला. जिवंत प्रतिस्पर्धी असता तर दोन पेले पाजून समजूत काढली असती. अंगठ्याएवढ्या पक्ष्याशी भांडायचं कसं?

त्याची भाची ब्रिखिदा गावातल्या शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून रानोमाळ हिंडायची. लोक म्हणायचे, पोरीला नवरा मिळेना म्हणून पाखरं बघते. ती म्हणायची, नवरे बघितले म्हणून पाखरं बघते. एबारिस्तो तिच्याकडे गेला आणि झालेली फजिती सांगितली. टाय लाल होता हे ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"मामा, लाल रंग म्हणजे त्यांना फूल! तू छातीवर एवढं मोठं फूल लावून त्याच्या झुडपाशी जाऊन बसलास. पण मला आधी सांग, पक्षी कुठला होता?"

"कुठला म्हणजे? चुपारोसा."

"अरे, चुपारोसा काय एक आहे? लाल चोच आणि डोळ्यामागे पांढरी रेघ, तो इथलाच, वर्षभर डोंगरात राहतो. दुसरे पाहुणे. उन्हाळ्यात पार उत्तरेला जातात, बर्फाच्या मुलखाजवळ पिल्लं काढतात आणि थंडीला आपल्याकडे येतात. पाठ बघितलीस? गळा? शेपटी?"

एबारिस्तोने यातलं काहीच बघितलं नव्हतं, त्याने फक्त भीती बघितली होती. ब्रिखिदाने त्याला आपली जुनी दुर्बीण दिली, चित्रांचं पुस्तक दिलं आणि बजावलं, "रंगावर भुलू नकोस. त्यांच्या गळ्याचा रंग उन्हाचा असतो. सावलीत काळा दिसेल, ऊन पडलं की पेटेल. नीट बस, वाट बघ, मग बोल."

तेव्हापासून पाव काढून झाले की एबारिस्तो बेकरीच्या गच्चीवर. पहिले दिवस दुर्बिणीत त्याला आकाश, आपलीच पापणी आणि एकदा तेंचाची वाळत घातलेली चोळी दिसली, ती बघून त्याने घाईघाईने दिशा बदलली. पण हळूहळू हाताला सवय झाली. लाल चोचीचे इथले पक्षी कोणते, हे त्याला कळू लागलं. ते मिर्तोकडे यायला बघायचे आणि काटकीवरचा तो पाहुणा त्यांना हाणून पिटाळायचा. एक फूल कोणाला द्यायचा नाही. दिवस उगवायच्या आत हजर, झुडपाचा पूर्ण पहारा, आणि कूका परसात आली की तिच्या डोक्यावर घिरट्या. आणि त्याला एक गंमतही वाटू लागली. पीठ मळताना तो आता पक्ष्यांचा विचार करायचा, आपल्या दुःखाचा नाही.

एका सकाळी ऊन सरळ झुडपावर पडलं होतं आणि पक्षी पिसं साफ करत निवांत बसला होता. एबारिस्तोने सगळं बघून घेतलं. पाठ हिरवी. कुशीला तांबूस झाक. गळा पांढुरका, मध्ये नारिंगी ठिपक्यांचा लहानसा डाग. शेपटी पंख्यासारखी उघडली तेव्हा कडेच्या पिसांची टोकं पांढरी. त्याने पुस्तक उघडलं, पुन्हा बघितलं, पुन्हा उघडलं. मग तसाच शाळेत धावला.

"मादी आहे," ब्रिखिदा त्याचं वर्णन ऐकून म्हणाली. "पाहुण्यांतली तांबूस जात. पोरगेला नर पहिल्या थंडीत असाच दिसतो म्हणा. पण हा पक्षी वर्षानुवर्षं त्याच काटकीवर येतोय म्हणतोस ना? मग नर असता तर एव्हाना पाठ तांबडी झाली असती आणि गळा निखाऱ्यासारखा. मादीच ती, मामा."

एबारिस्तोचा जीव भांड्यात पडला. बाई! जी पाखरू म्हणून बाई आहे, ती निकानोर कशी असेल? शाळेपासून कूकाच्या दारापर्यंतची चढण तो विशीतल्या पोरासारखा चढला. वाटेत कितीजणांनी हाक मारली ते त्याला ऐकूही आलं नाही.

कूका आणि तेंचा परसात देव्हाऱ्यासाठी झेंडूच्या माळा करत होत्या. एबारिस्तोने धापा टाकत पुस्तक पुढे केलं. "दोन्या कूका, तो निकानोर नाही. ती मादी आहे. हे बघा, पाठ हिरवी, शेपटीला पांढरी टोकं. बाई आहे ती!"

कूकाने हात पुसले, त्याच्या गळ्यातली दुर्बीण काढून घेतली आणि डोळ्याला लावली. तो तिला कुठे काय बघायचं ते सांगत राहिला आणि ती बघत राहिली. झुडपाजवळ एक लाल चोचीचा बिचारा आला. काटकीवरची बया सुटली आणि त्याला भिंतीपलीकडे घालवून, परत येऊन, पिसं फुगवून बसली.

"कोणाला अन्नाजवळ येऊ देत नाही," कूका सावकाश म्हणाली.

"दिवस उगवायच्या आत उठून बसते," तेंचा म्हणाली.

"मी चुलीकडे गेले की डोक्यावर घिरट्या. काय टाकलंय, किती टाकलंय..."

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. तेंचाने छातीवर क्रूस केला.

"सासूबाई!" कूका किंचाळली.

तेंचा तर खालीच बसली. दोन्या पेत्रा, निकानोरची आई, गावाला माहीत होती. तिच्या हयातीत त्या परसातलं लिंबूसुद्धा मोजलेलं असायचं. एबारिस्तोलाही हसू आवरेना, आपलं काम झालं या आनंदात तो जरा जास्तच हसला.

"आणि मी..." कूकाने तोंडावर हात ठेवला. "इतकी वर्षं मी निकानोर समजून तिला सगळं सांगत होते! तुझ्या आईने मला किती छळलं, तुझी आई अशी, तुझी आई तशी, ते सगळं तिच्याच तोंडावर?"

"चांगलं झालं की," तेंचा डोळे पुसत म्हणाली. "जिवंतपणी तोंडावर बोलायची तुझी हिंमत कुठे होती!"

कूकाही हसली. आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. दुर्बीण तिच्या मांडीवर पडली.

"मग निकानोर कुठंय?"

एबारिस्तोचं हसू तोंडातच राहिलं.

"म्हणजे तो आलाच नाही," कूका म्हणाली. "एकदाही आला नाही. मी रोज इथे बसून बोलत होते आणि तो नव्हताच." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नवरा गेला तेव्हा ती गावासमोर रडली नव्हती, ती आता रडली. "माझ्यावर एवढा रागावला होता का तो?"

"दोन्या कूका, मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"तुम्ही खरं तेच सांगितलंत. तुमचा दोष नाही." तिने दुर्बीण त्याच्या हातात दिली. "पण आता मी कोणाला विचारू, सांगा? तो भेटल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. तुम्ही जा आता."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पक्षी निकानोर होता तोवर निदान त्याने कधीतरी ऐकलं असतं. आता परवानगी मागायला माणूसच उरला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून पावांची टोपली न्यायला तेंचा येऊ लागली. स्टूल गेलं, आतोलेची वाटी गेली. एबारिस्तोला पहिल्यांदाच भट्टीसमोर थंडी वाजली.

"हा असा चेहरा घेऊन पाव करू नका, फुगायचे नाहीत," तेंचा टोपली उचलत म्हणाली. पण तिलाही वाईट वाटत असावं, कारण दारातून ती परत वळली. "अहो, दाखवा की तिला कुठलंही पाखरू. म्हणावं हा बघा निकानोर. तिला काय कळतंय?"

"मीच तिला कसं बघायचं ते शिकवलंय," एबारिस्तो म्हणाला. "आणि कळलं नाही तरी मी नाही सांगणार. निकानोर माझा मित्र होता. त्याच्या नावाने दुसऱ्याला उभा करू?"

"मग बसा पीठ मळत," तेंचा म्हणाली आणि गेली.

ब्रिखिदाने मात्र त्याचं गाऱ्हाणं ऐकून वेगळीच गोष्ट काढली. "मामा, अशी भांडखोर मादी झुडूप अडवून बसली की तिच्या जातीचे बाकीचे जवळच येत नाहीत. आले तरी मार खाऊन पुढे जातात. त्यांना खायला घालायचं असेल तर तिच्या नजरेआड मांडावं लागतं."

एबारिस्तो तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे निकानोर येत असेल, आणि त्याची आईच त्याला हाकलत असेल?"

"मी पक्ष्यांबद्दल बोलतेय," ब्रिखिदा म्हणाली. पण मामाचा चेहरा बघून तिला पुढे शहाणपणा शिकवायचा धीर झाला नाही. तिने त्याला साखरेचं पाणी कसं करायचं ते सांगितलं आणि छिद्राचं झाकण असलेली बाटली दिली. "मध घालायचा नाही, बिघडतो. रंग घालायचा नाही. आणि बाटली धुत जा."

बेकरीच्या परसात, भट्टीच्या धुराड्याच्या पलीकडे, मिर्तोवरून दिसणार नाही असा एक कोपरा होता. तिथे धुराड्याची ऊबही लागायची. एबारिस्तोने तिथे तारेला बाटली टांगली. लाल काहीतरी हवं म्हणून शोधलं, घरात लाल एकच गोष्ट होती. त्याने तो टाय बाटलीच्या गळ्याला बांधला आणि मनात म्हटलं, घे बाबा, हवा तेवढा ओढ.

आले ते लाल चोचीचे इथले लोक. एबारिस्तो त्यांना आता नावानिशी ओळखत होता, पण त्यांच्याकडे बघून त्याचं मन भरायचं नाही. मृतांचा सण आला. त्याने पिठाच्या हाडांची नक्षी घातलेले गोड पाव केले, गावाला वाटले, आणि त्यातला सगळ्यात चांगला घेऊन टेकडीवर गेला. कूका निकानोरच्या कबरीशी बसली होती. त्याच्या आवडीची भरली मिरची, मेस्काल दारूचा पेला, झेंडूचा ढीग, सगळं मांडलेलं. एबारिस्तोने पाव पुढे केला. तिने तो घेतला, कबरीवर नीट ठेवला आणि म्हणाली, "तो आला नाही." एबारिस्तो टेकडी उतरून घरी आला. आता ती हो म्हणणार नाही हे त्याने मनाशी मान्य केलं, आणि बाटली धुवून पुन्हा भरून ठेवली.

सण झाला, माळा सुकल्या, देव्हारे आवरले. एका गारठलेल्या सकाळी एबारिस्तो भट्टीत दुसरी खेप सारत होता आणि परसातून बारीक शीळ ऐकू आली. त्याला वाटलं किटली. पण किटली चुलीवर नव्हती. पुन्हा शीळ आली, लांबून जवळ, कोणीतरी गल्लीतून चालत यावं तशी. तो हातातलं लाकडी फावडं टाकून परसात आला.

बाटलीसमोर एक पक्षी होता. पाठ तांबडी, कुशी तांबड्या, सगळाच विटकरी. पण गळा काळा कुळकुळीत. काळ्या गळ्याचा तांबडा? पुस्तकात तर असा नव्हता. मग पक्षी पिऊन झाल्यावर तारेवर बसला, त्याने मान वळवली, धुराड्याच्या कडेने आलेलं ऊन त्याच्या गळ्यावर पडलं आणि गळा भट्टीच्या तोंडासारखा पेटला. सावलीत काळा, उन्हात निखारा. ब्रिखिदाने सांगितलं होतं तेच, आणि तो इतके दिवस विसरलाच होता.

पिठाचे हात तसेच घेऊन तो कूकाच्या दारात पोचला. आतोलेला रांग लागली होती. "चला," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"गिऱ्हाइकं आहेत, दिसत नाही का?"

"तुम्ही बघा. मी नाव सांगणार नाही. फक्त बघा."

त्याच्या आवाजात असं काही होतं की तिने डाव ठेवला. मागोमाग तेंचा, आणि तेंचामागोमाग वाट्या हातात घेऊन सगळी रांग. गावात असं काही चुकवायचं नसतं.

बेकरीच्या परसाच्या दारात कूका थांबली. अजून तिला काही दिसलं नव्हतं. पण तारेवरचा पक्षी उठला, बाटलीकडे वळला आणि शीळ वाजली. पूर्ण वाढलेल्या नराचे पंखच तसे वाजतात, हे ब्रिखिदाने पुढे सांगितलं. त्या वेळी ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत असून फरक पडला नसता.

कूकाने दाराची चौकट धरली. "आलास?" ती म्हणाली. "सण होऊन गेला रे. सगळं आवरूनसुद्धा झालं."

"आत्ता पटलं," तेंचा नाक ओढत म्हणाली. "वेळेवर आला असता तर मी मानलं नसतं."

एबारिस्तोने दुर्बीण पुढे केली, पण कूकाने घेतली नाही. ती तशीच बघत राहिली, आणि पक्ष्याचा तांबूस गळा पुन्हा पेटला तेव्हा तिने आपल्याच वरच्या ओठावरून बोट फिरवलं, जिथे निकानोरला मिशा होत्या. मग तो पक्षी बाटली सोडून एबारिस्तोकडे आला. रांग मागे सरली. एबारिस्तोला पळावंसं वाटलं, पण तो हलला नाही. पक्षी त्याच्या नाकासमोर हवेत उभा राहिला, त्याला वरखाली बघितलं, आणि काही न करता परत जाऊन पिऊ लागला.

"निकानोर," कूका म्हणाली. "हे मला विचारतायत. काय सांगू?"

"अगं, आधी खाऊ दे की त्याला!" तेंचा म्हणाली. "त्या आईने इतकी वर्षं घास तरी घेऊ दिलाय का? पोटभर जेवण मिळालं ते या पाववाल्याकडे."

पक्षी पीत राहिला. पोट भरल्यावर तो धुराड्याच्या उबेला, टायच्या गाठीजवळ तारेवर बसला आणि पिसं फुगवून त्याने डोळे मिटले. जायचं नाव नाही.

कूकाने डोळे पुसले आणि इकडे तिकडे बघायला सुरुवात केली. परसाचा कोपरा, पाण्याचा नळ, लाकडांची रास. "ही बाटली किती दिवसांनी धुता?"

"रोज," एबारिस्तो म्हणाला.

"हं. आणि हंड्याची चूल? ती इथे, भट्टीच्या बाजूला बसेल का?"

एबारिस्तोला प्रश्न कळायला जरा वेळ लागला. कळला तेव्हा त्याच्या तोंडून नुसतं "बसेल, बसेल" एवढंच निघालं, आणि पिठाच्या हातांनीच तो डोळे पुसू लागला.

"कूके, लोक काय म्हणतील?" तेंचाने विचारलं, खरं म्हणजे लोकांना ऐकू जावं म्हणूनच.

"काय म्हणायचंय? निकानोर आईपासून वेगळा झालाय आणि इथे राहायला आलाय. नवरा राहील तिथे बायको राहणार."

"कोणता नवरा?"

कूकाने तारेवरच्या झोपलेल्या पाखराकडे बघितलं, मग डोळ्यांभोवती पीठ माखलेल्या एबारिस्तोकडे.

"दोन्ही," ती म्हणाली.

तेवढ्यात भट्टीतून काळा धूर आला आणि सगळी रांग एका आवाजात ओरडली, "पाव!" पण खेप गेलीच होती. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी करपलेला पाव खाल्ला. आतोलेत बुडवला की तोही चालतो.